पाल्यात ठेवलेली सनई

पत्र्याच्या त्या पेटीचे झाकण उघडले की आधी वास येतो, वस्तू नंतर दिसतात. वाळलेल्या लिंबाच्या पाल्याचा कडसर वास, जुन्या पुठ्ठ्याचा किंचित आंबूस वास, आणि दोहोंच्या तळाशी उन्हात तापलेल्या डांबराची आठवण करून देणारा तिसरा एक काळा वास. तो तबकड्यांचा. माझे सासरे लाउडस्पीकरवाले होते, आणि ही पेटी त्यांची.

तेलगावच्या अलीकडे उसाच्या फडांमधून एक रस्ता आत वळतो, त्याच्या टोकाशी आमचे घर आहे. आसपासच्या गावांतल्या लग्नांत भोंगा सासऱ्यांचा असे. उसाच्या तोडीला गेलेल्या टोळ्या उन्हाळ्यात परतल्या की लग्नांची घाई उडे, आणि मग ते घरी क्वचितच झोपत. मांडवात उजाडताना पहिली तबकडी लावायची ती सनईची, असा त्यांचा रिवाज होता. यंत्र धड आहे की नाही, हे ती वाजली की कळे. इकडे घरी अंगणात सडा टाकणाऱ्या सासूबाईंना, वारा आपल्या बाजूचा असेल तर, तीच सनई दूरवरून ऐकू येई. बैलगाडी पोचली, भोंगा चढला, माणूस ठीक आहे, एवढे सगळे त्यांना त्या सुरातून समजत असे. खबर कळण्याची दुसरी सोय तेव्हा नव्हती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. पुढे कॅसेटी आल्या, मग लग्नांतून भिंतीएवढाले स्पीकर आले, आणि सासऱ्यांची पेटी धान्याच्या कोठीशेजारी जाऊन बसली. तिथे आत्याबाईंनी तिची काळजी घेतली, ती ज्वारीची घ्यावी तशी. दर उन्हाळ्यात कोठीत लिंबाचा पाला घालताना त्या प्रत्येक तबकडीच्या वेष्टनातही चार-दोन डहाळ्या सरकवीत. किडा लागू नये म्हणून. तबकडीला किडा लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नाही. किंवा सासऱ्यांनी सांगितले असेल आणि त्यांनी ऐकून घेतले नसेल. पाला वाळे, त्याचा चुरा होई, आणि तो चुरा पुठ्ठ्याच्या अंधारात तबकडीच्या बारीक चऱ्यांमध्ये उतरत राही. सासरे गेल्यानंतरही हा नेम चुकला नाही.

तबकड्या वाजवायला ही पेटी पुन्हा उघडली गेली ती बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो त्या दुपारी. आत्याबाईंना काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने काही काळ सांभाळता येते, असे डॉक्टर म्हणाले. हा आजार कडेकडेने आत येतो. समोरचे दिसत राहते आणि बाजूचे सरकत सरकत नाहीसे होते, जसे दिव्याची वात उतरवल्यावर आधी खोलीचे कोपरे जातात. घरी आल्यावर आत्याबाई पाय धुऊन चहा प्यायल्या, आणि माझ्या यजमानांना म्हणाल्या,

"त्यांची पेटी काढ भाईर."

"आता, माय? जरा टेक की."

"टेकायला पुढं लई दिवस हायेत. दिसतंय तवर शिकून घेते."

"काय शिकतीस?"

"त्यांची सनई लावायची. माझी मी."

मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही सांगा, मी लावत जाईन की रोज."

त्यांनी माझ्याकडे मान पूर्ण वळवून पाहिले. हल्ली त्यांना तसे करावे लागते. "तू कॉलेजला शिकवाया जातीस, ह्यो कारखान्यावर जातो. मी काय, कुणी दारात आलं की लाव म्हणू? मागून ऐकलेलं गाणं आन् मागून खाल्लेली भाकर, दोन्ही गळ्याखाली नीट उतरत न्हाईत, बाई."

मग त्यांनी विषय संपवला. पण त्या क्षणापासून घरात काय पणाला लागले आहे, हे आम्हा दोघांनाही कळले होते. सगळी नजर जाण्याआधी एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातची करून ठेवायची होती.

तबकडी वाजवायचे यंत्र सासऱ्यांचेच होते. यजमान कारखान्याच्या यंत्रविभागात आहेत. त्यांनी ते उघडले, पट्टा बदलला, नवी सुई मागवली. तबकड्या मी आणि आत्याबाईंनी धुतल्या. रेशमी लुगड्यांना चालतो म्हणून रिठ्याचा फेस, मधला कागद भिजू नये म्हणून त्यावर वाटी पालथी, आणि वाळायला सावलीत पसरलेले जुने धोतर. धुतल्यावर त्या काळ्या पृष्ठावर प्रकाशाची एकच बारीक काडी उभी राहते आणि तबकडी फिरवली तरी ती आपल्या जागेवरून हलत नाही. मी ती बराच वेळ पाहत बसले होते.

"धुतेस का बघत बसतीस?" आत्याबाई म्हणाल्या. "लगीन उद्याच्याला हाय म्हणावं."

धुऊनही चुरा सगळा गेला नाही. सुई टेकली आणि सनईच्या आधी पाला बोलला. सुकलेल्या पानांवरून कोणी अनवाणी, जपून चालत यावे तशी ती खरखर होती. तिच्या मागोमाग, किंचित थांबून, सनईचा पहिला सूर आला. त्या सुराला ओल होती. वादकाने सनईची फुंकायची पत्ती ओठांत धरली आहे, तिच्यावर अजून लाळेचा ओलावा आहे, हे ऐकू यावे इतका तो जवळ होता. आत्याबाईंनी पदर तोंडावर धरला आणि तबकडी संपेपर्यंत तो काढला नाही.

दुसरे यंत्र माझ्या बाजूचे. लग्नात माझ्या भावांनी अंबाजोगाईहून सीडी वाजवायचा एक संच आणला होता. वर झाकण उघडणारा, पुढे चार ठसठशीत बटणे असलेला. यजमानांनी बीडच्या एका दुकानातून सासऱ्यांच्या मोजक्या तबकड्या सीडींवर उतरवून घेतल्या. एकीकडे सनई, एकीकडे हळदीची गाणी, एकीकडे गौळणी, एकीकडे भजने. मोबाइलवरच घाला, असेही कोणी सुचवले होते. आत्याबाईंनी मोबाइल हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "ह्याला अंगच न्हाई," त्या म्हणाल्या. "हात फिरवला तर सगळीकडं सारखंच."

एका रविवारी दुपारी आम्ही दोन्ही यंत्रे शेजारी मांडली. आधी सीडी लावली. झाकण मिटले, आत काहीतरी क्षणभर फिरले, आणि मग शांतता आली. ती शांतता मला आजही आठवते, कारण तशी शांतता आमच्या घरात नसते. आमच्याकडे पंखा असतो, उसाची पाती असतात, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरांची लांब घरघर असते. ही शांतता आतून पुसून काढलेली होती. त्या पुसलेल्या पाटीवर सनई उमटली. स्वच्छ, कडा कोरलेली, प्रत्येक मुरकी सुटी सुटी. सूर चढत जाताना कुठेही फाटला नाही. तबकडीवर उंच सुरांच्या जागी सुई थोडी कातरते, ते इथे नव्हते. आणि तबकडीवरची ओल मात्र इथे कमी झाली होती, असे मला वाटले. फूल तेच, पण पुसून ठेवलेले.

आत्याबाई ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ही कुण्या दुसऱ्याच्या लग्नातली हाय."

यजमान हसले. "माय, आपलीच रेकाड हाय. दुकानात साफ करून दिली त्यांनी. खरखर सगळी काढली."

"साफ कर म्हणून कुणी सांगितलं व्हतं?"

"खराबच व्हती ना ती."

"खराब कावून? माझा लिंब व्हता त्यो."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली, कारण मला बरे वाटले होते. मी तबकडीच्या बाजूची होते. कवितेच्या शिक्षणाने मला ही सवय लावली आहे: ज्या वस्तूवर हाताळल्याच्या खुणा राहतात तिच्याकडे मन झुकते. मला वाटले, निकाल लागला. आता तबकडी लावायला आत्याबाईंना शिकवायचे, एवढेच उरले.

शिकवणे सुरू झाले. तबकडी ओळखणे त्यांना मुळीच अवघड गेले नाही. वजन, कडेचा टवका, मधल्या कागदाचा सुटलेला कोपरा, यांवरून त्या डोळे मिटून कोणती कोणती ते सांगत. दोन गाण्यांमधली गुळगुळीत पट्टी त्यांच्या नखाला लागे. पेटीतली कोणतीही तबकडी काढून थाळीच्या मधल्या खुंटीवर त्या चूक न करता बसवीत. अडचण होती ती सुईच्या दांडीची. दांडी बाजूने येते, आणि बाजूचेच त्यांना दिसत नव्हते. समोर तबकडी फिरताना दिसे. तिच्यावर उतरणारा आपला हात मात्र शेवटच्या बोटभर अंतरात एकदम प्रकट होई, आणि त्या दचकत.

मी उपाय काढत राहिले. दांडीला लाल दोरा बांधला. यंत्राच्या कडेला गोधडीच्या चिंध्यांची जाड घडी शिवून चिकटवली, म्हणजे मनगट तिच्यावर टेकवून हात सावकाश खाली नेता येईल. चार दिवस जमले, पाचव्या दिवशी हुकले. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. आतून आधी पाल्याची खरखर आली, मग लगेच एक लांब, आडवा ओरखडा; कापड फाडावे तसा. त्यानंतर काहीच नाही.

मी गेले तेव्हा आत्याबाई दांडी वर धरून तशाच बसल्या होत्या. थाळी फिरत होती. सनईच्या तबकडीवर कडेपासून आत जाणारी एक पांढरी रेघ उमटली होती.

"बास," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, सवय होईल. ही घडी थोडी पुढे घेऊ, मी..."

"बाई, ऐक." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी दांडी माझ्या हातात दिली. "आज एक रेघ पडली. माझे डोळे रोज कमीच व्हणार, वाढणार न्हाईत. वर्षभरानं ह्या रेकाडीचं शेत नांगरून ठेवीन मी. आन् नुस्ती भीती घेऊन लावायची असंल तर ऐकायचं काय त्यात?"

"पण सीडी तुम्हाला आवडली नाही."

"आवाज आवडला न्हाई. बटण कुठं न्हाई आवडलं?" मग थोड्या वेळाने, मला समजावल्यासारखे, त्या म्हणाल्या, "तुला तिचा आवाज गोड लागतो. मला माझ्या हातानं लागाया पायजे. दोन्ही भुका वेगळ्या हायेत, पोरी. तुझी भूक माझ्या ताटात वाढू नको."

त्या दिवशी कॉलेजला जाताना बसच्या खिडकीतून उसाचे तुरे पाहत मी त्या वाक्याचा विचार करत होते. तबकडी चांगली की सीडी, हा प्रश्न मी कानांनी सोडवत होते. त्यांच्याकडे तो हातांचा होता, आणि हाताला अंधारात न चुकता काय सापडेल, एवढेच त्यात मोजायचे होते. मला सुचलेले सगळे उपाय तबकडीला जिंकवण्यासाठी होते, हेही मला त्या प्रवासातच उमगले.

सीडी त्यांच्या हाताला सोपी मात्र नव्हती. बटणे त्या एका सकाळीत शिकल्या. पहिले चालू, दुसरे बंद, तिसरे पुढचे गाणे, चौथे मागचे. पण तबकड्यांना जसे अंग होते तसे सीडींना नव्हते. सगळ्या एकाच वजनाच्या, एकाच गुळगुळीतपणाच्या. कोणती सनई आणि कोणती हळद, बोटांना कळेना. वरची बाजू आणि खालची बाजू यांतही फरक लागेना, आणि उलटी बसली की यंत्र थोडेसे कुरकुरून गप्प होई.

"बघ," यजमान म्हणाले, "सगळ्या जुळ्या बहिणी हायेत."

"जुळ्यांच्या मायला वळखू येतात," आत्याबाई म्हणाल्या. "कापड काढ त्यांच्या धोतराचं."

तबकड्या ज्याच्यावर वाळत घातल्या होत्या त्याच जुन्या, दुधासारख्या मऊ झालेल्या धोतरातून त्यांनी पिशव्या शिवल्या. सीडी जेमतेम मावेल एवढ्या. आत्याबाई आयुष्यभर गोधड्या शिवत आल्या आहेत, आणि गोधडीचा टाका बोटांनीच घातला जातो, डोळे फक्त सुईत दोरा ओवण्यापुरते. तेवढे मी करत होते. हळदीच्या पिशवीवर त्यांनी दाट, उभे टाके घातले. हात फिरवला की खरबरीत लागावे. गौळणींवर वळसे घेत जाणारी एक ओळ. भजनांवर चौकटीत चौकट. टाके पिशवीच्या एकाच अंगाला, आणि सीडीचे तोंडही नेहमी त्याच अंगाला, असा नियम केला. "टाके वर, म्हंजे तोंड वर," त्या पुटपुटत सराव करीत. डोळे बांधून घेण्याची गरज नव्हती. त्या नुसते मिटत आणि आमच्या अंगणात बसून एकेक पिशवी ओळखत.

एक पिशवी कोरी होती. तिच्या कडेला फक्त धोतराचा मूळचा काठ वरच्या बाजूला ठेवला होता, आणखी काही नाही. मी विचारले, "हिला टाका नाही घातला?"

"सनईची हाय ती," त्या म्हणाल्या. "तिला कशाला पायजे?"

पण तिच्यात ठेवायची सीडी त्यांना दुकानातली नको होती. यजमानांनी मग कोणाकडून तरी एक वायर आणली, सासऱ्यांचे यंत्र लॅपटॉपला जोडले, आणि ती रेघ पडलेली तबकडी जशी होती तशी पुन्हा उतरवून घेतली. तबकडी वाजत होती तोवर आम्ही तिघेही बाजेवर बसून होतो. ओरखड्याची जागा आली तेव्हा सुई अडखळली, पुन्हा पुन्हा त्या रेघेवर येऊन टक-टक करत पुढे गेली. यजमानांनी विचारले, "एवढं तरी काढू का, माय? काढता येतंय."

आत्याबाईंनी विचार केला. "राहू दे. त्यांचा फू हाय त्यात, माझा लिंब हाय, आता माझा हात पण आला. सगळं घरातलंच."

सासरे भोंगा तपासताना आधी मायकात फुंकर घालीत, तो हा फू. तबकडीवर तो अर्थातच नाही.

आता तबकड्यांची पेटी माझ्या खोलीत आहे. रविवारी कधी मी एखादी लावते. दांडी उतरवताना माझाही श्वास आपोआप थांबतो, आणि त्या थांबलेल्या श्वासाचाही ऐकण्यात वाटा असतो, असे मला वाटते. बाजू उलटायला उठावे लागते. त्या उठण्याने गाण्याला एक मध्यांतर मिळते, ज्यात आपण काय ऐकले हे मनात बसते. सीडी असे उठवत नाही. ती सलग देत जाते, आणि पुष्कळदा मला मध्येच कळते की मी ऐकायचे थांबले आहे. माझे मत बदललेले नाही. आत्याबाईंना ते ठाऊक आहे. "तुझी सवाशीण वाजती का आज?" असे त्या, मी एवढा मान ठेवते म्हणून, तबकडीविषयी विचारतात, आणि दार उघडे ठेव म्हणतात.

या उन्हाळ्यात कोठीत पाला घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी लिंबाच्या डहाळ्या मागवल्या. आता त्यांना हाताच्या अंतरावरचे तोंडही एका बाजूनेच दिसते. ज्वारीत पाला घालून झाल्यावर ओटीत थोडा उरला होता. मी पाहत होते. त्यांनी तो चाचपला, थोडा वेळ मुठीत धरला, आणि दारातल्या शेळीपुढे टाकला.

"पेटीत नको का?" मी विचारले.

"आता पेटी तुझी हाय. तुझ्या रेकाडीला माझा लिंब कशाला?"

सकाळी मी चुलीपाशी असते. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच लागते. पीठ मळताना पाठीमागच्या खोलीत बाज करकरते, मग भिंतीला धरून चालणारी पावले, मग काही क्षण काहीच नाही. त्या क्षणांत पिशव्यांवरून हात फिरत असतो. टक असा झाकणाचा आवाज. मग सुकलेल्या पानांवरून कोणीतरी अनवाणी, जपून चालत येते. सनई सुरू होते. आणि तिच्या सुरुवातीलाच ती रेघ टक-टक करून ओलांडली जाते. मला मागे वळून पाहावे लागत नाही. त्या उठल्या आहेत, नीट चालल्या आहेत, हाताला वस्तू सापडली आहे, हे सगळे मला तव्यासमोर बसल्या बसल्या कळते.

परवा रेघेच्या पुढे सूर बराच चढत गेला तरी मी भाकरी उलटायच्या नादात होते. आतून आवाज आला,

"अगं, चहा न्हाई का झाला अजून? इथं नवरदेव गावच्या येशीपाशी येऊन ठेपला की."